वन्संना काही चावत नाही

४ ऑक्टोबर

डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत लाल पुटकुळ्या उठल्या आहेत. एका ओळीत, कोणी टाचणीनं टोचत गेल्यासारख्या. खाज इतकी की समोर पाहुणे बसलेले असले तरी नखं आपली वाट शोधतात. शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, चारचौघांत अंग खाजवणारी मुलगी आणि माकड यांच्यात फक्त गणवेशाचा फरक असतो. मी आता गणवेशही घालत नाही.

सूनबाईंनी चष्मा न लावताच निदान केलं. "आई, घामोळं असेल."

घामोळं ओळीत येत नाही. मी कंपनीचा टायपिंग विभाग निवृत्तीपर्यंत चालवला. ओळीत काय येतं आणि काय येत नाही, एवढं मला कळतं.

७ ऑक्टोबर

गेल्या महिन्यात या घरात दोन गोष्टी आल्या. एक मी आणली, दुसरी नशिबानं आणून टाकली.

मी आणली ती मदरची खुर्ची. आमचं कॉन्व्हेंट नव्या इमारतीत हललं, तेव्हा जुनं सामान माजी विद्यार्थिनींसाठी विकायला काढलं होतं. बाकीच्या जणी घंटा आणि नकाशांवर तुटून पडल्या. मी थेट मदर सुपीरियरच्या भेटीच्या खोलीतल्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले. उंच पाठ, मरून मखमल, खोल दाबलेली बटणं, आणि पाय ठेवायला त्याच मखमलीचं बुटकं स्टूल. लहानपणी त्या खुर्चीसमोर हात मागे बांधून उभं राहायचं असे. त्या खोलीत कोणालाही "बस" म्हणत नसत, आईवडिलांनासुद्धा. आता ती माझ्या दिवाणखान्यात आहे आणि मी तिच्यात बसते. अलीकडे रात्रीचा रखवालदार तिच्यात झोपायचा, असं कोणीतरी म्हणालं. ते मी कानाआड केलं. मखमलीला ब्रश मारला, झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे वन्सं. ह्यांची मोठी बहीण. हे गेले आणि बहीण मागे ठेवून गेले. जन्मभर शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं केली, लग्न केलं नाही, भाड्याच्या एका खोलीत राहिल्या. ती इमारत पाडायला निघाली, तसे चिरंजीव म्हणाले, "आत्या आपल्याकडे राहील." मला विचारलं नाही, कळवलं. एक पत्र्याची ट्रंक आणि कापसाच्या गादीची वळकटी एवढा संसार घेऊन वन्सं आल्या. त्या गादीचा मूळ रंग कोणता हे सांगणाऱ्याला मी बक्षीस देईन.

आल्या दिवशी त्या खुर्चीत टेकणारच होत्या. मी म्हटलं, "वन्सं, तिथं नको. तुमच्या कपड्यांना सदा टाचण्या असतात, मखमल फाटेल." "बरं वहिनी," म्हणाल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या पाटासारख्या बुटक्या लाकडी स्टुलावर बसल्या. तेव्हापासून तिथंच बसतात. माणूस सांगितलेलं ऐकतं, तेवढा एक गुण आहे.

९ ऑक्टोबर

आता सगळ्यांनाच झालं आहे. चिरंजीवांच्या मानेवर मागच्या बाजूला. ऑफिसातून आले की मदरच्या खुर्चीत डोकं टेकून डुलकी काढतात, उठल्यावर मान खाजवतात, शोभा आहे. सूनबाईंच्या दोन्ही कोपरांना. त्या खुर्चीच्या हातांवर कोपरं रोवून तासन्‌तास फोनवर बोलतात. भिंगरी, म्हणजे माझी नात, हिच्या तर गुडघ्यांच्या मागं. शाळेतून आली की खुर्चीत पाय लोंबकळत सोडून बसते आणि मी तिला वाचून दाखवते. आज राजकन्या पळून गेली तरी हिचं लक्ष नाही, दोन्ही हात गुडघ्याखाली.

"आजी, मला आतून मुंग्या येतायत."

नखांना रक्त लागलं होतं. मी पुस्तक मिटून तिची नखं कापली.

मी ठरवलं, कपडे धुण्याची पावडर. सूनबाईंनी महिन्यापूर्वी बदलली होती, डब्यावर फुलांचं चित्र बघून. पावडर बदलली. चादरी गरम पाण्यात उकळून घेतल्या.

११ ऑक्टोबर

पावडर नव्हती. चादरी उकळून विरल्या, पुटकुळ्या मात्र वाढल्या. आता माझ्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, नेमकी हात पोचत नाही तिथं. फूटपट्टी घेऊन खाजवत होते तर वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आण इकडे, मी खाजवून देते."

त्यांची नखं पाहिली आहेत का कोणी? जन्मभर सुईनं घासून घासून शिंगासारखी झालेली. त्या बोटांचा स्पर्श माझ्या पाठीला, या कल्पनेनंच शिसारी आली. म्हटलं, "नको, फूटपट्टी बरी आहे." त्या हसल्या. त्यांना या वयातही हसू कसं येतं कळत नाही.

१३ ऑक्टोबर

मांजर. खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य एक लठ्ठ पिवळी मांजर पाळतो, ती आमच्या जिन्यात पसरते. पिसवा. उघड आहे. आज त्याच्या दवाखान्यात जाऊन, पेशंटचं तोंड उघडं असतानाच, बोलून आले.

"तुमच्या मांजरीला पिसवा आहेत."

"बाई, माझ्या मांजरीला पिसवा नाहीत. तुमच्या जिभेला नांगी आहे, तिचं काहीतरी करा."

खुर्चीतला पेशंट तोंडात नळी असतानाही हसला. अशा माणसाच्या हातात लोक आपले दात देतात.

जिन्याचं दार बंद ठेवायला लागलो. मांजरीनं पाऊल टाकलेलं नाही. भिंगरीच्या पायांवर आज नव्या तीन.

१६ ऑक्टोबर

सगळा लवाजमा त्वचेच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणजे कालपरवा मिसरूड फुटलेला पोरगा. मी कारणं सांगायला सुरुवात केली. पित्त, खरूज, अंडी, पाणी. त्यानं सगळं ऐकलं आणि भिंगरीचा पाय दिव्याखाली धरला.

"हे चावे आहेत. एका ओळीत, उघड्या अंगावर." मग त्यानं त्या प्राण्याचं नाव घेतलं.

ते नाव मी या वहीत लिहिणार नाही. आमच्या शाळेत काही शब्द तोंडात आणले तर साबणानं चूळ भरायला लावत, आणि हा त्यांतला पहिला होता. लाकडाच्या फटीत, गादीच्या शिवणीत राहतो. माणसाचं रक्त पितो. चुरडला की जो वास सुटतो तो एकदा नाकात गेला की जन्मभर जात नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं.

"आमच्या घरात?" मी म्हटलं. "आमच्या घरात फरशीवर भात सांडला तर उचलून खावा."

"त्यांना भात लागत नाही," डॉक्टर म्हणाला. "बाहेरून येतात. जुनी गादी, जुनं फर्निचर, सामान. घरात सगळ्यांना आहे?"

"सगळ्यांना," मी म्हटलं.

"आत्याआजीला नाही," भिंगरी म्हणाली.

येताना गाडीत एकच म्हण मनात घोळत होती. चोराच्या घरी चोरी होत नाही.

१७ ऑक्टोबर

वन्संना समोर उभं करून हात, मान, पोटऱ्या बघितल्या. कागदासारखी कातडी, सुरकुत्या असतील तेवढ्या, पण एक डाग नाही. सबंध घराचं रक्त आटलं आणि या कोऱ्या. त्या प्राण्यांनाही ओळख असते. वर्षानुवर्षं ज्या गादीत वाढले, जिच्या अंगावर पोसले, तिला सोडून ते नवं रक्त शोधायला निघाले, याहून सरळ तर्क असू शकत नाही. सूनबाई म्हणाल्या, "आई, उलट त्यांना जास्त चावायला नको का?" सूनबाई बँकेत आहेत, तर्कशास्त्र त्यांचा विषय नाही.

भर दुपारी गादी गच्चीत नेली. नाकाला रुमाल बांधला, हातात पिशव्या घातल्या आणि शिवणी उसवल्या. आत पिवळा पडलेला कापूस, एक हरवलेलं बटण, दोऱ्याचं रीळ. प्राणी एकही नाही. उजेड बघून पळाले असणार. सापडले नाहीत हेच संशयास्पद.

वन्सं पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. "वहिनी, शिवण उसवायला माझी कात्री घ्यायचीस. ही बोथट आहे."

१९ ऑक्टोबर

जेवताना विषय काढला. शहराच्या त्या टोकाला वृद्ध स्त्रियांचं वसतिगृह आहे, स्वच्छ, शिस्तीचं, माझ्या ओळखीच्या एक बाई तिथं समितीवर होत्या. जागा रिकामी आहे.

चिरंजीव म्हणाले, "आई, आत्या कुठे जाईल या वयात?"

"मी आत्ता सांगितलं ना कुठे जाईल ते. पोरीचे पाय बघ आधी."

त्यांनी पाय बघितले आणि ताटात बघायला लागले. ह्यांची हीच सवय. मुलात उतरली.

वन्सं लाकडी स्टुलावर ताट मांडीवर घेऊन जेवत होत्या. त्यांनी शांतपणे घास संपवला. "पोरीला त्रास नको. मी जाते. तिथं कपडे शिवायला बाई लागत असेल तर विचार." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "ठेवतील ना पण? तिथून काढलं तर मला दुसरं दार नाही, वहिनी."

"काढायला काय झालं. नीट राहिलात म्हणजे झालं."

मला बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही. ही वही कोण वाचतंय.

२१ ऑक्टोबर

पोचवून आले. खोली तीन जणींची, खिडकीपाशी पलंग. व्यवस्थापिका कडक आहेत, मला आवडल्या. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की बाईंचे कपडे उकळून आणलेत आणि गादी दिलेली नाही. नको तो प्रश्न कोणी विचारायला नको.

वन्संचे पाय सुजतात. म्हणून मदरच्या खुर्चीचं ते मखमली स्टूल त्यांना देऊन टाकलं. जीव थोडा हळहळला, जोडी फुटली, पण माणसानं मन मोठं करावं. वन्सं त्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "मऊ आहे गं." बटण सैल होतं, ते लगेच सुई काढून घट्ट करायला बसल्या. खुर्चीला बोट लावू दिलं नव्हतं त्याचं उट्टं निघालं म्हणायचं.

गादी संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकली.

२३ ऑक्टोबर

फवारणी. सगळ्यांनी सूनबाईंच्या माहेरी मुक्काम हलवला. फवारणीवाला मदरच्या खुर्चीकडे नळी घेऊन निघाला तेव्हा मी आडवी आले.

"हिला नाही. मखमलीला डाग पडतात."

"बाई, फवारायचं तर सगळंच फवारायला लागतं."

"ही कॉन्व्हेंटची खुर्ची आहे. हिच्यात ते नसतात."

त्यानं खांदे उडवले. खुर्ची चादरीत गुंडाळून मी बाल्कनीत ठेवली आणि बाल्कनीचं दार बंद केलं. घरभर औषधाचा वास, पण मला अत्तरासारखा वाटला.

३० ऑक्टोबर

घरी परतून आठवडा होत आला, एकही नवी पुटकुळी नाही. भिंगरीच्या पायावरच्या खपल्या पडतायत. मी कोणाला काही म्हटलं नाही. फक्त जेवताना "कसं शांत वाटतंय" एवढंच म्हटलं. चिरंजीव पानावरून उठले.

औषधाचा वास गेला, म्हणून आज मदरची खुर्ची आत घेतली. आता घर घरासारखं दिसतंय. स्वयंपाकघराच्या दारातलं ते लाकडी स्टूल मात्र उगीच मधे येतं. उचलून ठेवायला हवं. भिंगरी ठेवू देत नाही.

३ नोव्हेंबर

माझ्या हातावर चार. चिरंजीवांच्या मानेवर. भिंगरीच्या गुडघ्यामागं जुन्या खपल्यांच्या शेजारी नव्या, लालभडक, टपोऱ्या.

सूनबाईंनी पोरीला मलम लावलं, डब्याचं झाकण घट्ट लावलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता कोणाला पाठवायचं, आई?"

मी म्हटलं, फवारणीवाला चोर आहे, पाण्यात रंग मिसळून मारला असेल. त्यांनी मलमाचा डबा कपाटात ठेवला आणि दार लावलं. दार लावण्याची त्यांची पद्धत मला मुळीच आवडत नाही.

५ नोव्हेंबर

सकाळी वसतिगृहातून व्यवस्थापिकांचा फोन. आवाज बर्फासारखा.

"तुमच्या नणंदबाईंनी आमच्याकडे ढ–" आणि त्यांनी तो शब्द घेतला. "खोलीतल्या दुसऱ्या दोघींनाही चावलेत. तुमच्या बाईंना आम्ही अडगळीच्या खोलीत हलवलंय. शनिवारी येऊन घेऊन जा. समितीनं ठरवलंय."

मला आधी आनंद झाला. खोटं कशाला लिहू. मी म्हणतच होते, बाईच घेऊन हिंडते. ट्रंकेतून गेले, केसांतून गेले, कुठून का होईना. सूनबाईंना ऐकवायला तोंड उघडणारच होते, तर व्यवस्थापिका पुढे म्हणाल्या, "बाईंचे स्वतःचेच पाय तर बघवत नाहीत. घोट्यापासून वर सगळे फुटलेत."

"त्यांचे पाय?" मी म्हटलं. "त्यांना चावत नाही."

"कोणी सांगितलं? पाय जिथं टेकवून बसतात ना, तिथूनच सगळं सुरू झालंय."

फोन ठेवला. गादी कचऱ्यात गेली. कपडे मी स्वतः उकळले. ट्रंक उन्हात ठेवली. मग त्यांच्याबरोबर गेलं काय?

मी बराच वेळ दिवाणखान्याच्या मधोमध उभी होते. सकाळचं ऊन सरळ मदरच्या खुर्चीवर पडलं होतं. भिंगरीचे गुडघे जिथं टेकतात ती कड. चिरंजीवांची मान जिथं टेकते ती पाठ. दोन्ही हात, जिथं कोपरं रोवली जातात. माझी पाठ. स्वयंपाकघराच्या दारातलं लाकडी स्टूल.

खुर्ची उलटी करायला मला दम लागला. खालचं गोणपाट एका कोपऱ्यात सैल होतं, ते ओढलं.

लिहिते. लिहायलाच हवं. आत काळे ठिपके, सांडलेल्या शाईसारखे, लाकडाच्या प्रत्येक सांध्याला. पोकळ, पिवळट कातडी, टाकून दिलेली. तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी अंडी, शिवणीत ओळीनं चिकटलेली. आणि ते. आधी मला वाटलं मखमलीच्या कडेला तपकिरी मणी शिवलेत. मग मणी चालायला लागले. चपटे उपाशी आणि फुगलेले तृप्त, पोटातून आमचंच रक्त काळपट दिसत होतं. एक माझ्या अंगठ्यावर चढला, तो मी चुरडला, आणि तो वास आला. बेसिनपर्यंत पोचले नाही. फरशीवरच ओकले, जिथून भात उचलून खावा म्हणत होते तिथं.

सूनबाई धावत आल्या. खुर्चीत डोकावल्या. तोंडावर हात धरला. मग त्यांनी मला उठवलं, तोंड धुवायला पाणी दिलं, आणि फरशी पुसायला घेतली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

चिरंजीवांनी आणि दंतवैद्यानं मिळून खुर्ची मागच्या मोकळ्या जागेत नेऊन जाळली. मखमलीचा धूर घाण असतो. मांजर भिंतीवर बसून बघत होती.

७ नोव्हेंबर

शनिवारची वाट बघितली नाही. आज वसतिगृहात गेले तेव्हा दुपारची जेवणं चालली होती. लांब टेबलांवर म्हाताऱ्या ओळीनं बसलेल्या. वन्सं भिंतीकडे तोंड करून एका छोट्या टेबलावर एकट्या. त्यांची ताटवाटी वेगळी, तिला लाल दोरा बांधलेला. पाय उघडे, त्यांवर मलमाचे पांढरे थर.

मी जवळची खुर्ची ओढली तशा व्यवस्थापिका पुढे आल्या. "बसू नका, बाई. उभ्यानंच बोला. आमच्या खुर्च्या आत्ताच धुतल्यात."

मी उभी राहिले. हात मागे कधी बांधले गेले मला कळलं नाही.

"त्यांचं सामान तयार आहे," व्यवस्थापिका म्हणाल्या. "अशी माणसं आम्हाला ठेवता येत नाहीत. आणखी चार ठिकाणीही आम्ही कळवलंय. इतर म्हाताऱ्यांचाही विचार करायला लागतो."

चार ठिकाणी. म्हणजे या बाईला आता शहरात कुठेच दार नाही, आणि ते दार मी लावलं. मला बाजूला घेऊन हळूच सांगता आलं असतं. व्यवस्थापिकांच्या खोलीत, दार लावून. पण त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या सगळ्यांच्या देखत.

"ढेकूण यांचे नाहीत," मी म्हटलं. "ढेकूण माझे आहेत. माझ्या खुर्चीतले. स्टुलातून मीच पाठवले. त्या चारी ठिकाणी आज तसं कळवा. फवारणीवाला उद्या माझ्याकडून येईल."

चमच्यांचा आवाज थांबला. एका म्हातारीनं विचारलं, "काय म्हणाली?" दुसरी तिच्या कानात ओरडली, "ढेकूण हिचे आहेत म्हणे." माझ्या बाजूच्या टेबलावरच्या सगळ्या जणी खुर्च्यांसकट पलीकडे सरकल्या.

वन्संनी मान वळवली. "वहिनी, केवढ्यानं बोलतेस. बहिरी नाही मी."

"घरी चला."

"माझी गादी?"

"टाकली."

 त्या वाटीचा लाल दोरा सोडवत बसल्या, तुकडा गुंडाळून खिशात ठेवला. "आमच्या आईनं भरलेली होती ती," म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याचा जन्म तिच्यावर झाला."

मी टेबलाखालच्या त्यांच्या चपला ओढून पुढे ठेवल्या.

"आणि खुर्ची?" त्यांनी विचारलं.

"जाळली."

"म्हणजे मी तिच्यात बसायची राहिलेच." वाटी ताटात ठेवत म्हणाल्या, "पण बरं झालं म्हणायचं."

"घरात कुठंही बसा, वन्सं."

"बघू," त्या म्हणाल्या आणि उठल्या. घोटे इतके सुजले होते की चपला हातात घ्याव्या लागल्या. एक मी घेतली.

टॅक्सीत मागे आम्ही दोघी. ट्रंक काळ्या पिशवीत बांधून डिकीत. टॅक्सीवाला आरशातून बघत होता, कारण त्या पाय खाजवत होत्या आणि मी हात. दोन वळणं गेली तशी माझ्या खांद्याच्या हाडाखालची, हात न पोचणारी ती खाज जागी झाली. फूटपट्टी घरी. मी सीटच्या पाठीला पाठ घासायला लागले.

"आण इकडे," वन्सं म्हणाल्या.

मी पाठ फिरवली. ती शिंगासारखी नखं लागली. मी डोळे मिटले.

"थोडं वर," मी म्हटलं.